इथून इथपर्यंत कंस करा

"प्रश्न पहिला. 'सूर्याच्या'पासून 'म्हणतात'पर्यंत कंस करा. बाजूला एक लिहा." तिसरी-चौथीच्या वर्गाबाहेर परिसर अभ्यासाच्या तासाला पाच मिनिटं उभं राहिलं, की हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुलं पेन्सिलीने कंस करतात, समासात आकडा घालतात. मग दुसरा प्रश्न, दुसरा कंस. धडा संपेपर्यंत पान कंसांनी भरून जातं. कंसातला मजकूर घरी वहीत उतरवायचा आणि चाचणीच्या आदल्या रात्री पाठ करायचा. स्वाध्याय पूर्ण होतो, वही पूर्ण होते. बाईंनी प्रकट वाचन केलेलं असतं, एखाद्या चुणचुणीत मुलीने उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवलेलं असतं. पण वाचून स्वतः काही उमजून घ्यायची वेळ वर्गातल्या कोणावर आलेली नसते.

बाईंवर चिडण्यात अर्थ नाही. 'आपापलं वाचा' म्हटलं तर तासाच्या शेवटी हाती काही लागत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. गंमत अशी, की हीच मुलं ससा-कासवाची गोष्ट न अडखळता वाचतात, योग्य जागी हसतात, पुढे काय होणार तेही सांगतात. मग अन्नसाखळीच्या धड्यापाशी त्यांचं वाचन जातं कुठे? माझं म्हणणं असं, की ते त्यांना कधी आलेलंच नसतं. आपण मुलांना गोष्ट वाचायला शिकवतो आणि तेवढ्यालाच वाचन समजतो. माहितीचा मजकूर वाचणं हे निराळं काम आहे. ते पहिलीपासून मुद्दाम शिकवावं लागतं, आणि आपल्या शाळेत ते कोणत्याच तासात बसत नाही. भाषेच्या तासाला ते परिसर अभ्यासाचं काम मानलं जातं, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला वाचता येतंच असं धरून चालतात. प्राथमिक शाळेत बहुतेक ठिकाणी दोन्ही तासांना बाई त्याच असतात, तरीही.

कंसाच्या पद्धतीत काय होतं हे पाहायला पुढचा उतारा वाचा. 'टिंबळ्या झरकाच्या काठी लुमतात. लुमताना त्यांची खरप गळते. गळलेल्या खरपेला पोंदर म्हणतात.' आता प्रश्न: टिंबळ्या कोठे लुमतात? पोंदर कशाला म्हणतात? टिंबळ्यांची खरप केव्हा गळते? तिन्ही उत्तरं तुम्हाला आली. पूर्ण गुण. उताऱ्यात एकाही गोष्टीला अर्थ नाही, तरी आपले विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदं इतकी चोख वाट दाखवतात, की वाक्य उलटवलं की उत्तर तयार होतं. टिंबळ्यांच्या जागी बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य घाला. आठ वर्षांच्या मुलाच्या लेखी फारसा फरक पडत नाही.

मोजमापाकडे वळलं तर तिथेही गोष्टच वरच्या पायरीवर बसलेली दिसते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून गावोगाव होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणात वाचनाच्या पायऱ्या आहेत: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद, आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ती गोष्ट वाचू शकलं की ते वाचनात पार. या सर्वेक्षणाने देशाचे डोळे उघडले, त्याचं श्रेय कमी करायचं नाही. दारात उभं राहून काही मिनिटांत करायच्या चाचणीत याहून अधिक मावणारही नाही. पण आकड्यांना एक सवय असते: जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं. २०२१च्या 'निपुण भारत'ने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्यातले साठ शब्द घड्याळ लावून मोजता येतात. 'समजून' हा भाग मात्र घड्याळात येत नाही, म्हणून तो मागे राहतो.

याच 'असर'ने २०१७ आणि २०२३मध्ये चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातात ओआरएसचं पाकीट दिलं आणि त्यावरच्या सूचना वाचून चार प्रश्नांची उत्तरं मागितली. किती पाण्यात घालायचं, केलेलं पाणी किती वेळ चालतं, अशा धाटणीचे प्रश्न. २०२३मध्ये किमान पहिलीच्या पातळीचं वाचू शकणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश मुलांना चारपैकी किमान तीन उत्तरं देता आली. म्हणजे वाचता येणाऱ्या दर तिघांतला एक जण पाकिटापाशी अडला. ही मुलं आठवी-दहावीपर्यंत शिकलेली. त्यांच्या वह्यांमध्ये कंसांची कमतरता नसणार.

वाचन माहितीसाठीही असतं, हे पूर्वीच्या माणसांना माहीत होतं असं दिसतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४०मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं ते भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय मराठीत आणण्यासाठी, नकाशे आणि आकृत्यांसकट. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षणासाठी मोडी-बाळबोध वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले आहेत. शेतकऱ्याच्या पोराला वाचता आलं पाहिजे ते कशासाठी, याचं चित्र फुल्यांच्या मनात स्पष्ट होतं. आपल्या पहिली-दुसरीत आज बडबडगीतं, कविता आणि प्राण्यांच्या गोष्टी. तिसरीत अचानक परिसर अभ्यासाचं स्वतंत्र पुस्तक हातात येतं आणि मूल एका वर्षात एका प्रकारच्या वाचनातून दुसऱ्या प्रकारच्या वाचनात लोटलं जातं.

दोन्हींत फरक तो काय? एक परिच्छेद घेऊ. 'साप हा शीत रक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या तापमानानुसार बदलते. त्यामुळे हिवाळ्यात तो कमी हालचाल करतो. सापाला बाह्यकर्ण नसतात. मात्र जमिनीतून येणारी कंपने त्याला जाणवतात.' पाच वाक्यं, सगळी छोटी. मोठ्या माणसाला यात अवघड असं काही दिसत नाही. पण 'त्यामुळे' या शब्दावर बोट ठेवून पाहा. कशामुळे? उत्तर मागच्या वाक्यात आहे, आणि तेही अर्धंच. तापमान बदलतं म्हणून हालचाल का कमी व्हावी, हा दुवा लेखकाने लिहिलेलाच नाही; थंडीत अंग गार पडलं की शरीराची कामं मंदावतात हे वाचकाने आपल्या पदरचं घालायचं आहे. 'मात्र' तर आणखी बेरकी. ज्याच्या मनात 'कान नाहीत म्हणजे काहीच कळत नसणार' अशी अपेक्षा तयार झाली असेल, त्यालाच तो शब्द काम करतो. मूल घरी 'मग', 'तेवढ्यात', 'पण' बोलतं. 'मात्र', 'परिणामी', 'तथापि', 'म्हणजेच' हे त्याच्या घरात कोणी बोलत नाही. गोष्टीत वाक्यं काळाच्या दोरीवर एकामागून एक येतात, मूल दोरी धरून चालतं. इथे दोरी नाही. वाक्यांमधले सांधे या दोन-चार शब्दांत लपलेले असतात आणि मुलं नेमके तेच गाळून वाचतात.

आणि 'शीत रक्ताचा'? "म्हणजे त्याचं रक्त फ्रीजमधल्या पाण्यासारखं असतं का?" असा प्रश्न वर्गात आला तर त्या मुलाला शाबासकी द्यावी. तो वाचतो आहे. बाकीचे शब्द पाठ करताहेत.

याच परिच्छेदात पुढे 'साप दूध पीत नाही' असं वाक्य घाला, म्हणजे खरी मौज. मुलं ते मोठ्याने वाचतील, वहीत लिहितील, आणि साप काय पितो असं मधल्या सुट्टीत विचारलं तर सांगतील, दूध. नागपंचमीला आजी ठेवते की. यात खोटेपणा काही नाही. शाळेचं एक कपाट असतं आणि घरचं दुसरं. गोष्ट वाचताना मुलाला आपलं जुनं काही सोडावं लागत नाही. कोल्हा बोलतो म्हटलं की बोलतो. माहिती मात्र मुलाच्या डोक्यात आधीच बसलेल्या समजुतीशी भांडण काढते. ते भांडण वर्गात उघड झालं नाही तर दोन्ही कपाटं आयुष्यभर शेजारी शेजारी राहतात. म्हणून अशा धड्याची सुरुवात 'आपल्याला सापाबद्दल काय काय माहीत आहे' असं विचारून फळा भरण्याने व्हावी, सगळं लिहावं, चुकीचंही, आणि मग वाचताना एकेक ओळ पुस्तकाशी ताडून पाहावी. डॉना ओगल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८६मध्ये याच स्वरूपाचा तीन रकान्यांचा तक्ता मांडला: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय कळलं. आपल्याकडे तो प्रशिक्षणांतून पोहोचला, आणि पुष्कळ ठिकाणी भरायचा आणखी एक तक्ता होऊन बसला. पहिल्या रकान्यात चुकीची गोष्ट लिहायला मूल घाबरत असेल तर त्या तक्त्याचा उपयोग शून्य.

शब्दांइतकीच चित्रंही वाचावी लागतात, हे आपण विसरतो. अन्नसाखळी घ्या. गवत, पुढे बाण, नाकतोडा, बाण, बेडूक, बाण, साप. पुष्कळ मुलं हे सरळ असं वाचतात, की गवत नाकतोड्याला खातं. मुलाचा तर्क बिनचूक आहे: बाण शिकाऱ्याकडून सावजाकडे जातो. पुस्तकातला बाण उलटा, अन्न कोणाच्या पोटात जातं ते दाखवणारा. हे एकदा बोटाने दाखवून सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते सांगायचं असतं हेच कोणाच्या लक्षात येत नाही. पृथ्वी कलिंगडासारखी कापून दाखवणारी आकृती, पानावर हत्तीएवढी मोठी काढलेली मुंगी, नकाशातली सूची, तक्त्यातले उभे-आडवे रकाने, 'माहीत आहे का तुम्हांला?' अशी चौकट, या प्रत्येकाचे वाचायचे नियम वेगळे. बालभारतीच्या पुस्तकांत या चौकटी छान असतात. वर्गात त्या बहुधा वगळल्या जातात, कारण त्यांवर प्रश्न येत नाही.

इथे एक पळवाट फार लोकप्रिय आहे. माहिती रुक्ष वाटते ना, मग तिची गोष्ट करा. 'मी थेंब बोलतोय.' आपल्या निबंधाच्या परंपरेत नदीपासून फाटक्या पुस्तकापर्यंत सगळे आत्मकथा सांगत आले आहेत, तेव्हा थेंबानेच काय पाप केलंय? थेंबाला ऊन लागतं, त्याला उडावंसं वाटतं, वर मित्र भेटतात, सगळे मिळून ढग होतात, मग आईची आठवण येते आणि तो खाली उतरतो. मुलं खूश. पाऊस का पडतो असं विचारलं की सांगतात, थेंबाला घरी यायचं होतं म्हणून. मुलांचं काहीच चुकलेलं नाही. गोष्टीत घटना घडतात त्या कोणाच्या तरी इच्छेने. निसर्गात तसं होत नाही, आणि हाच तर शिकवायचा मुद्दा होता. साखरेच्या पाकात आपण नेमका तोच बुडवला. शिवाय यामागे मुलांबद्दलचा एक अविश्वास आहे, की खरी गोष्ट त्यांना आवडणारच नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला जेसीबीबद्दल, मण्यार आणि घोणसेबद्दल किंवा धरणाच्या दरवाज्यांबद्दल बोलतं करून बघावं. काही मुलं वाचनाकडे गोष्टीच्या दारातून येतच नाहीत. त्यांना हे दुसरं दार लागतं. घडलेल्या प्रसंगाला माझा विरोध नाही. लहान सालिम अलींनी पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आणि तिची ओळख पटवून घ्यायला त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मारलेली खेप, ही गोष्टही आहे आणि खरीही.

दुसरी पळवाट अधिक आधुनिक दिसते. मुलांना आकलनाची कौशल्यं द्या: मुख्य कल्पना ओळखा, तथ्य आणि मत वेगळं करा, सारांश सांगा. त्यासाठी कार्यपत्रिका. सोमवारी पेंग्विन, मंगळवारी आयफेल टॉवर, बुधवारी प्लॅस्टिकचे दुष्परिणाम. असं सरावाने आकलन वाढतं, ही समजूत मला तपासून घ्यावीशी वाटते. १९८८मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाणकार मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉलमधलं काही न कळणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे गेली. अभ्यास लहान, मुलंही मोठी. त्यावरून सगळं काही सिद्ध होत नाही. पण आपल्या अनुभवाशी ताडून बघा. दुसरीतला कच्चा समजला जाणारा मुलगा पेपरातली सामन्याची बातमी शब्द जोडत जोडत वाचतो आणि शेवटच्या षटकात काय घडलं ते बरोबर सांगतो, कारण मधल्या गाळलेल्या जागा भरायला त्याच्याकडे माल आहे. आकलन कौशल्यापेक्षा या मालावर जास्त चालतं. आणि रोज नवा विषय दिला की माल कधी साठतच नाही.

म्हणून एक विषय धरावा आणि त्यावर दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकावा. निफाड-लासलगावच्या शाळेत मला कांदा निवडावासा वाटेल. पहिल्या दिवशी वाचन नाहीच. कांदा उभा चिरायचा, डोळ्यांतून पाणी काढायचं, आतला भाग पाहून चित्र काढायचं. मग फळ्यावर प्रश्न: हे मूळ, खोड, की पान? जमिनीत येतो म्हणून बहुतेक मुलं मूळ म्हणणार. आता पाच-सहा वाक्यांचा उतारा: कांद्याचे थर म्हणजे पानांचे फुगलेले, मांसल झालेले तळ, खरं खोड म्हणजे बुडाशी असलेली चपटी चकती, मुळं तिच्याखाली फुटतात. मुलं विश्वास ठेवणार नाहीत. उत्तम. पुस्तक बाजूला ठेवा, चिरलेला कांदा पुन्हा हातात घ्या, चकती शोधा, मुळं कुठून फुटलीत पाहा. माहितीच्या मजकुराशी असं भांडता येतं, त्याला साक्षीपुरावा मागता येतो, हे मुलाला इथे पहिल्यांदा कळतं. गोष्टीशी असं करता येत नाही.

पुढचा उतारा कांदा साठवायच्या चाळीचा. लाल कांदा लगेच विकावा लागतो आणि उन्हाळ कांदा महिनोन्महिने चाळीत टिकतो, हे मुलांना घरूनच ठाऊक असतं. का टिकतो ते मजकुरात असतं, आणि ते 'त्यामुळे'च्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं असतं. मग बाजार समितीचा भावफलक: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर, क्विंटल. पानावर फक्त आकडे आणि रकाने, वाक्य एकही नाही, आणि तरी तो वाचायचा मजकूर आहे. आज भाव पडला का, हे त्यातून काढायचं. शेवटी आजोबांना विचारून मुलांनी स्वतः लिहिलेलं पान: पूर्वी कांदा कसा साठवायचे. स्वतः माहिती लिहायला बसलं की 'त्यामुळे' आणि 'मात्र' कशाला लागतात ते कळतं. चौथ्या उताऱ्यापर्यंत हीच मुलं अशी वाक्यं पेलतात, जी पहिल्या दिवशी दिली असती तर पुन्हा कंसच करावे लागले असते. पालघरच्या पाड्यावर विषय भाताचा होईल, सिंधुदुर्गात मासळीचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं, की मुलाच्या हाताखालचं जग आधी, त्याचं छापील नाव नंतर. ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी बोलतात, त्यांच्यासाठी तर 'बाष्पीभवन' हा दोन पायऱ्या दूरचा शब्द आहे. ओलं फडकं वाळलं, पाणी गेलं कुठे, यावर भरपूर बोलून झाल्यावर तो दिला तर टिकतो.

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचता येत नाही, मग काय? त्यांना ऐकवावं. मुलं वाचू शकतात त्यापेक्षा कितीतरी अवघड मजकूर ऐकून समजू शकतात. तरी आपलं 'आदर्श वाचन' कविता आणि गोष्टींपुरतं. हे केवळ आपलंच दुखणं आहे असंही नाही. नेल ड्यूक यांनी बॉस्टन परिसरातल्या पहिलीच्या वीस वर्गांत पाहणी केली होती. २०००मध्ये ती छापून आली. माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं येत होती, आणि गरीब वस्तीतल्या वर्गांत त्याहूनही कमी. ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत, त्यांनाच शाळेतही ती कमी मिळत होती. दहा वर्षांच्या मुलांच्या वाचनाची 'पर्ल्स' ही आंतरराष्ट्रीय चाचणी निम्मी साहित्याची आणि निम्मी माहितीची असते. भारत त्यात उतरत नाही.

पुस्तकं नाहीत ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतं आहे, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी विज्ञानपुस्तकांचा मोठा साठा फुकट आहे, 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर चित्रांची माहितीपर पुस्तकं मराठीत मिळतात. अडचण खरी आहे ती वेळेची. बहुवर्ग शाळा, एक शिक्षिका, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं, आणि वर्षाकाठी संपवायचे धडे. कांद्यावर तीन आठवडे घालवायचे तर दुसरं काहीतरी सोडावं लागणार. माझ्या मते निम्म्या धड्यांचे स्वाध्याय खुशाल सोडावेत. ते धडे बाईंनी मोठ्याने वाचून दाखवावेत, मुलांनी ऐकावेत, संपलं. उरलेल्यांपैकी वर्षाला चार-पाच धडे असे खोदून वाचावेत.

असं केलं तर वह्या अपुऱ्या दिसतील, आणि भेटीला आलेले साहेब आधी वह्याच मागतात. ही परवानगी बाई स्वतःला देऊ शकत नाहीत, ती वरून यावी लागेल. वही मिटून साहेबांनी एखाद्या तिसरीच्या मुलीला विचारावं, उन्हाळ कांदा चाळीत टिकतो आणि लाल का टिकत नाही. मग तीन-चार मिनिटं थांबावं, मध्ये न बोलता. ती कांद्याच्या माना वाळण्यापासून सुरू करेल, मध्येच आजोबांवर जाईल, परत येईल. एका वाक्यात उत्तर द्या असं तिला सांगू नये.